कोवळ्या वयातल्या सवयी आणि जन्माची दुखणी



पंढरीच्या वाटेवर एके काळी सर्वांत मोठे भय कसले असेल तर ते पटकीचे. सकाळी दिंडीत टाळ वाजविणारा माणूस दुसऱ्या दिवशी हयात नसायचा. पुढे पाणी शुद्ध करण्याची सोय झाली, लस टोचण्याची व्यवस्था झाली, रोगाचे कारण लोकांस समजले, आणि ते भय पुष्कळ मागे पडले. त्या रोगाची एक गोष्ट मात्र अशी होती की, तो आला म्हणजे आल्याचे कळत असे.

आज आमच्या घराघरांतून जे रोग शिरले आहेत ते तसे नाहीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, यकृतावर साचणारी चरबी, तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग, ही दुखणी पाय न वाजविता येतात. दहा-पंधरा वर्षे घरात राहतात, आणि आपण आलो आहो असे सांगतात तेव्हा घरचे मालक होऊन बसलेली असतात. त्यांस आम्ही म्हातारपणची दुखणी म्हणतो. परंतु म्हातारपणी दिसते ते पीक होय. त्याची पेरणी तेराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्या काळात झालेली असते. यास्तव या महिन्याचा पाठ घरातील पोराबाळांच्या सवयींविषयी घेतला आहे. देह हा परमार्थाचे साधन आहे असे आम्ही नित्य ऐकतो. ते साधन कोवळ्या वयातच गंजू लागले तर पुढे कीर्तनाला उभे राहणार कोण, आणि नांगरामागे तरी चालणार कोण?

१. दुखणे किती पसरले आहे

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाची एक मोठी पाहणी केली. तीत १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींचे रक्तही तपासले. सुमारे १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्याशी आलेली आढळली. सुमारे ५ टक्के मुलांचा रक्तदाब वाढलेला होता. ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी १६ टक्क्यांच्या आसपास मुलांत जास्त होती. टक्क्यांची भाषा पुष्कळांस रुचत नाही, म्हणून वर्गाची भाषा बोलू. साठ मुलांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यांतील सहा जण साखरेच्या दुखण्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, तिघांचा रक्तदाब चढलेला आहे, आणि यांपैकी एकाही पोराला काही होत नाही. पोटात दुखत नाही, ताप नाही, कण्हणे नाही. म्हणूनच आईबापांस पत्ता नसतो.

मोठ्या माणसांची स्थिती काय आहे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत सुमारे १० कोटी लोक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावरचे आढळले. हे सारे लोक कधी तरी पंधरा वर्षांचे होतेच.

कोणी म्हणेल, उशिरा होणारा तो आता लवकर झाला, इतकेच. तसे नव्हे. लहानपणी जडलेला हा मधुमेह अधिक दांडगा असतो. अमेरिकेत अशा मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले आणि २०२१ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. ती मुले सरासरी सव्वीस वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातील ६० टक्क्यांना डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतू यांपैकी कशाची ना कशाची बाधा झालेली होती. सव्वीसावे वर्ष म्हणजे लग्नाचे, कमावण्याचे, आईबापांस आधार देण्याचे वय. त्या वयात पोराच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडाला कीड लागावी, यापरते घराचे नुकसान कोणते?

२. शरीरात घडते काय

हे समजण्यास शेतकऱ्याला फार कष्ट नाहीत. आपण जे अन्न खातो त्यातील पिष्ट व साखर पोटात विरघळून रक्तात उतरते. रक्त हा पाट समजा, आणि साखर हे पाटाचे पाणी. स्नायू हे वाफे. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते, ती इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडते. हा इन्शुलिन म्हणजे पाटकरी. तो प्रत्येक वाफ्याचे दार उघडतो, पाणी आत घेतो, आणि पाट मोकळा ठेवतो.

आता मनुष्य हालचाल करीत असेल तर वाफे तहानलेले असतात, पाणी झटकन ओढून घेतात. बसून राहणाऱ्याचे वाफे आधीच तुडुंब असतात. त्यात यकृतावर आणि स्नायूंत चरबी साचली म्हणजे दारे गंजतात, पाटकऱ्याच्या हाताला उघडत नाहीत. मग शरीर काय करते? एका पाटकऱ्याच्या जागी दोन पाठविते, दोघांच्या जागी चार. या काळात तपासणीत साखर बरोबर दिसते, पण स्वादुपिंड दुप्पट-चौपट राबत असते. अशी काही वर्षे गेली की ते थकते. पाटकरी पुरे पडत नाहीत, पाणी पाटातच तुंबते, आणि रक्तातली साखर वाढते. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या नासविते. बारीक रक्तवाहिन्या अधिक कोठे, तर डोळ्यांच्या पडद्यात आणि मूत्रपिंडात. मज्जातंतूंचे पोषणही त्यांच्यावरच चालते. म्हणून घाव तेथे आधी बसतो.

रक्तदाबाचे गणितही असेच. मिठाचे प्रमाण वाढले, वजन वाढले, तंबाखूने रक्तवाहिन्या आवळल्या, म्हणजे हृदयाला रक्त जोराने ढकलावे लागते. रबरी नळीत सदा दाब जास्त असेल तर नळी कडक होते आणि एखादे दिवशी तडकते. मेंदूत तडकली म्हणजे अर्धांग.

या सगळ्यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, दारे गंजण्याचा जो पहिला काळ, तो परतविता येतो. चालणे, खेळणे व खाण्याचा बंदोबस्त यांनी दारे पुन्हा मोकळी होतात. स्वादुपिंड पुरते थकल्यावर मात्र तितके सोपे राहत नाही. पंधराव्या वर्षी जे काम चालण्याने होते ते पन्नासाव्या वर्षी मूठभर गोळ्यांनीही पुरते होत नाही.

३. "आमचं पोरगं तर बारीक आहे"

हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. लठ्ठ पोरांची काळजी करावी, काटकुळ्यांची कशाला? याला उत्तर आपल्याच मुलखातून मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून एक अभ्यास सुरू केला. आया गरोदर होण्यापूर्वीपासून त्यांची नोंद ठेवली, मग मुले जन्मली, मोठी झाली, तरी नोंद चालूच. शेतकरी कुटुंबे, साधे अन्न, कष्टाचे जिणे.

काय आढळले? त्या बालकांचे जन्मतः वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील साउदम्प्टन गावच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके हातापायांनी बारीक, स्नायूंनी कमी, परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे दिसायला रोड आणि आतून चरबीची. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा अंगाने बारीकच होती. तरीही मुलग्यांत सुमारे ३७ टक्के आणि मुलींत सुमारे १८ टक्के जणांचा साखरेचा बंदोबस्त बिघडलेला निघाला. खेड्यातली पोरे, बारीक पोरे, आणि दर तिघांतील एका मुलग्याला ही तक्रार!

याचा अर्थ, आमच्या लोकांत वाफे मुळातच थोडे आहेत. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवण्यास जागा कमी. अशा देहाला थोडीशी जास्त साखर, थोडेसे जास्त बसणे देखील सोसत नाही. म्हणून वजनकाट्यावर जाऊ नये, कमरेवर जावे. एक सुतळी घ्या, पोराची उंची मोजा, सुतळी निम्मी दुमडा. तेवढी सुतळी बेंबीवरून कमरेभोवती सैलपणे पुरली तर ठीक. पुरली नाही तर सावध व्हावे. याला ना दवाखाना लागतो, ना पैसा.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती माळकऱ्यांनी विशेष मनावर घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात किंवा धान्यात मिळत नाही. शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनचा हुकूम कमी चालतो, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. आमच्या घरी गाई-म्हशी असतात, पण दूध कोठे जाते? पहाटे डेअरीत. पोरांच्या वाट्याला चहापुरते. मांसाहार सोडला हे उत्तम झाले, पण त्याबरोबर दूध-ताकही सोडले, हे कोणत्या शास्त्रात बसते? आजची पंधरा वर्षांची लेक उद्याची आई आहे. तिला कपभर दही दिले तर त्याचा लाभ अजून न जन्मलेल्या नातवालाही पोचतो.

४. रोग शिरण्याची चार दारे

पहिले दार तोंडाचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे चांगले. म्हणजे पाच-सहा लहान चमचे. आता हिशेब करा. तीन वेळा चहा, दर कपात दोन चमचे, झाले सहा. मुलाचा दिवसाचा हिस्सा चहातच संपला. त्यावर शाळेच्या फाटकापाशी ३०० मिलीलिटरची रंगीत थंड पेयाची बाटली प्यायली तर तीत सुमारे ३० ग्रॅम साखर. त्यावर क्रीमची बिस्किटे. मिठाचे तसेच. सगळे मिळून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचाभर पुरे. पण पापड, लोणचे, फरसाण, वेफर, मसाल्याची पुडी घातलेल्या झटपट शेवया यांतून ते नकळत पोटात जाते. पाच-दहा रुपयांची पुडी गावच्या टपरीवर टांगलेली असते, आणि पोर रडू लागले म्हणजे आजीच ती घेऊन देते. माया आहे, पण मायेने विषाचे अमृत होत नाही.

दुसरे दार बसण्याचे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असा नियम आहे. २०१६ सालच्या माहितीवरून जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले एवढीही हालचाल करीत नाहीत असे दिसून आले. आपल्या देशात ७४ टक्के. पूर्वी शाळा दोन कोसांवर असे, पोरे चालत जात, विहिरीवर पोहत, सूरपारंब्या खेळत. आता शाळेस मोटारसायकल, घरी मोबाइल, संध्याकाळी शिकवणी. मुलींचे तर विचारूच नका. पोर न्हातीधुती झाली की तिचे अंगणातले खेळणे बंद. तिने दळावे, भांडी घासावी, पण धावू नये. हा कोणता न्याय?

तिसरे दार झोपेचे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारा-एकपर्यंत गोधडीखाली मोबाइलचा उजेड, सकाळी सहाला उठावे, तर झोप झाली पाच तास. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते, गोड खावेसे वाटते, आणि इन्शुलिनचा हुकूमही ढिला होतो. जागर हा एकादशीला शोभतो. रोजचा जागर हा जागर नव्हे, ती देहाची नासाडी.

चौथे दार तंबाखूचे. २०१९ साली देशभरच्या शाळांत झालेल्या पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, ई-सिगारेट २०१९ साली देशभर बंद झाली. कायदे आहेत, पण "जा रे, एक पुडी आण" असे सांगून पोराला टपरीवर पाठविणारा बापच असेल तर कायद्याने काय करावे? आणि मिसरी? "दात घासायला लावते, दुसरं काय," असे बायका म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आजीच्या डबीतून नातीच्या बोटावर ती कधी आली ते कोणालाच कळत नाही.

५. आपल्या अंगणातले

दुसऱ्यांचे दोष सांगणे सोपे. आता थोडे आपल्या दिंडीत आणि देवघरात पाहू.

एकादशी हे लंघन आहे, पोटाला विसावा आहे. पण त्या दिवशी होते काय? साबुदाण्याची तुपाळ खिचडी, बटाट्याचा चिवडा, केळ्याचे वेफर, शेंगदाण्याचे लाडू, आणि दिवसभर साखरेचा चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने रक्तात साखर झपाट्याने चढते. उपास दुप्पट खाशी, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. पोरे तर उपासाची वाटच पाहतात! राजगिरा, थोडी भगर, उकडलेले रताळे, मूठभर दाणे, ताक, एखादे फळ, एवढ्यावर एकादशी सुखाने होते, आणि तीही एकच वेळ. ज्या मुलाला औषध किंवा इन्शुलिन चालू आहे त्याने मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून उपास धरू नये. औषध घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरून प्राणावर बेतते. अशा मुलाचा उपास नामस्मरणाने पुरा होतो, पोट रिकामे ठेवण्याची गरज नाही.

वारीच्या वाटेवर लोक प्रेमाने खाऊ घालतात. त्या प्रेमाला आम्ही काय बोलावे? पण अन्नदान करणाऱ्या मंडळींस हात जोडून विनंती आहे की, बिस्किटांचे पुडे आणि रंगीत सरबत वाटण्यापेक्षा भाकरी-पिठले, उसळ, केळी, ताक वाटावे. दान तेच, पुण्य तेच, आणि पोरांच्या पोटात चांगले जाईल.

वारीविषयी एक समजूत आहे की, आषाढात चालून आले म्हणजे वर्षाचा व्यायाम झाला. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आहे, आणि ती पायी चालणे हे देहाला फार हितकारक, यात संशय नाही. परंतु चालण्याचा साखरेवरचा गुण एक-दोन दिवसच टिकतो. दारे उघडी ठेवायची तर पाटकऱ्याला रोज मदत लागते. वारी वर्षातून एकदा, दोनदा. चालणे मात्र नित्यनेमाने. हरिपाठ जसा एकदाच म्हणून ठेवता येत नाही, तसेच हे.

आपल्याकडे एक मोठी अनुकूलताही आहे, ती विसरू नये. गळ्यात माळ घातली की व्यसन सोडायचे, ही रीत आपली जुनीच आहे. तिचा अर्थ पोरांना नीट सांगा. दारू वर्ज्य, पण तंबाखू चालते, अशी पळवाट मोठ्यांनी काढली म्हणजे पोरे तीच वाट मोठी करतात.

६. लोक म्हणतात त्याचे उत्तर

कोणी म्हणतात, "हे खाण्यापिण्याचंच वय आहे." खरे आहे. वाढीच्या वयात पोटभर खावेच. डाळ, उसळ, भाकरी, पालेभाजी, दूध, दाणे भरपूर द्या. पोट भरणे वेगळे आणि पुड्यांनी पोट फुगविणे वेगळे.

कोणी म्हणतात, "आमच्या घराण्यात साखरेचं दुखणं आहे, ते होणारच." घराण्यात आहे म्हणून धोका अधिक, हे बरोबर. पण उतारावरच्या शेताला बांध अधिक घालावा लागतो, की बांध घालणे सोडून द्यायचे असते? अशा घरातील पोरांनी तर दुप्पट जपावे.

कोणी म्हणतात, "लठ्ठ पोराला हिणवलं म्हणजे ते आपोआप कमी खातं." हे साफ चूक. हिणविलेले पोर चोरून खाते, खेळायला जायचे बंद होते, मनातून खचते. त्याच्या ताटावर पहारा ठेवू नका. घरचे सर्वांचे ताट बदला. पोराला भाकरी आणि बापाला शेव, असे चालत नाही. पोर कानाने शिकत नाही, डोळ्याने शिकते.

७. दवाखान्यात केव्हा जावे

मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली, तर तो मळ समजून घासत बसू नये. इन्शुलिनचा हुकूम चालेनासा झाल्याची ती खूण असू शकते. मुलीची पाळी फार अनियमित असेल, कमर वाढत असेल, घराण्यात मधुमेह असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात. २०१३ पासून ही योजना चालू आहे. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका, शाळेत पाठवा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मुलांत मधुमेहाचा दुसराही एक प्रकार असतो, त्यास पहिला प्रकार म्हणतात. त्यात शरीरच आपल्या स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. हा खाण्यापिण्याने होत नाही, आळसाने होत नाही, यात आईबापांचा वा पोराचा काही दोष नाही. पोर एकाएकी वाळू लागते, फार पाणी पिते, रात्री वारंवार लघवीस उठते, मलूल होते. अशा वेळी अंगारा-धुपारा करण्यात एक दिवसही घालवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या पोरांना इन्शुलिन टोचलेच पाहिजे, ते जन्मभर. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले. तोपर्यंत या रोगाच्या मुलास मरणाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. तो मुलगा मरणाच्या दारातून परत आला आणि पुढे तेरा वर्षे जगला. आज तर नीट औषध घेणारी अशी मुले शिकतात, संसार करतात, वारीही करतात. "देवावर भरवसा ठेवा, सुई बंद करा," असे सांगणारा कोणी भेटला तर तो देवाचा माणूस नव्हे, हे पक्के समजावे.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यास सरकारची एक विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. मोठ्यांनी आधी फिरवावा, मग पोरांना सांगावा.

८. या महिन्याचा नेम

पाठ वाचून मिटून ठेवला तर उपयोग नाही. म्हणून प्रत्येक घरी आणि प्रत्येक भजनी मंडळात पुढील नेम एक महिना धरून पाहावा.

एक. मुलांच्या चहातली साखर निम्मी करावी. दोन आठवड्यांत जिभेला सवय होते. रंगीत बाटल्या व पुड्या घरात आणूच नयेत. २०२० च्या नियमाप्रमाणे शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबीचे, मिठाचे, साखरेचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. शाळेच्या समितीत असणाऱ्या वारकरी बंधूंनी तिकडे लक्ष द्यावे.

दोन. रोज तासभर खेळ किंवा चालणे, मुलगा असो की मुलगी. गावच्या देवळापुढचे पटांगण संध्याकाळी पोरांना मोकळे करून द्यावे. पावली आणि फुगडी हे खेळ काही वारीपुरतेच नाहीत. पाऊण तास पावली खेळून पाहा, घाम येतो की नाही!

तीन. जेवणात एक वाटी उसळ किंवा डाळ, एक पालेभाजी, आणि वाटीभर दही अथवा पेलाभर ताक. दूध डेअरीत घालण्याआधी घरच्या पोरांचे माप बाजूला काढावे.

चार. रात्री हरिपाठ झाला की घरातले सगळे मोबाइल एका फडताळात. मोठ्यांचेही. दहाच्या आत दिवा मालवावा.

पाच. घरात, दिंडीत, कीर्तनाच्या मांडवात तंबाखू मळणे बंद. मिसरीची डबी विसर्जन करावी.

महिन्याच्या शेवटी मंडळात बसून मुलांनाच पुढील प्रश्न विचारावेत. इन्शुलिनला पाटकरी का म्हटले? बारीक मुलालाही मधुमेहाचा धोका का? एका बाटलीत किती चमचे साखर? एकादशीला साबुदाण्याऐवजी काय खावे? इन्शुलिन घेणाऱ्या मित्राशी आपण कसे वागावे? उत्तरे मुलांनी आपल्या शब्दांत द्यावीत, घोकून नव्हे. आणि त्यांनी उलट मोठ्यांना विचारले की, "तुम्ही तंबाखू केव्हा सोडणार?" तर रागावू नये. तोही पाठाचाच भाग समजावा, आणि खरे उत्तर द्यावे.

रामकृष्णहरि.